उसनी साक्ष

२ नोव्हेंबर, रविवार

लग्न ठरलेल्या माणसाच्या हाती मोटारसायकल देऊ नये. आज रोह्याहून पेणला येताना नागोठणं कधी गेलं, वडखळ कधी आलं, काही कळलं नाही. आपल्या हायवेचे खड्डे ज्याला कळत नाहीत तो माणूस कामातून गेला असं खुशाल समजावं.

ही डायरी सुरभीने दिली. म्हणाली, "तू बडबडतोस भरपूर, पण मनातलं सोडून. ते इथे लिही." मी लगेच हो म्हटलं. हल्ली ती काहीही म्हणाली की मी हो म्हणतो, आणि आज तिथेच घोटाळा झाला.

उपासना सुटल्यावर आम्ही दोघं चर्चच्या हॉलच्या मागे उभे होतो. लग्न २९ तारखेला. त्याआधी तीन रविवार पाळकसाहेब मंडळीत आमची नावं पुकारणार आणि विचारणार, 'या लग्नाला कोणाची हरकत आहे का?' तिसऱ्या पुकारेच्या दिवशी नवऱ्या मुलाने सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, ही आमच्या रोह्याच्या मंडळीची जुनी पद्धत. सुरभी म्हणाली, "मंडळीत काय, कोणीही बोलेल. बाहेर बोलतोस ना? कंपनीत माहितेय ना, तू ख्रिस्ती आहेस ते?"

मी म्हटलं, "सगळ्यांना!"

एकालाही माहीत नाही. डोलवीला कंपनीच्या वजनकाट्यावर चार वर्षं ट्रक मोजतोय, पण आडनावावरून काही कळत नाही आणि कुणी विचारलं नाही. रविवारी कुठे जातोस? रोह्याला आईकडे. खोटं काय त्यात?

सुरभीचं तसं नाही. ती लॅबमध्ये रक्त काढते. समोरची बाई घाबरली की सरळ म्हणते, "घाबरू नका हं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते," आणि आमेन म्हणायच्या आत सुई आत. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, कुणाशीही ती प्रभूबद्दल असं बोलते, जसं आपण मामाबद्दल बोलतो. मला ते जमत नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. माझ्याकडे साक्षच नाही! मंडळीत एकेकाच्या साक्षी ऐकाव्यात. कुणाचा जुगार सुटला, कुणी विहिरीतून जिवंत निघालं. माझं काय? संडे स्कूल, दहावी, डिप्लोमा, काटा. साधा टायफॉइडसुद्धा झाला नाही.

साक्ष म्हणजे आमच्या आजोबांची. एसटीत ड्रायव्हर होते, रोहा डेपोत, आणि पट्टीचे पिणारे. एका संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावर उभे राहिले, हातात भरलेली बाटली. "प्रभू, एकतर तू, नाहीतर ही," म्हणाले आणि दिली नदीत फेकून. तर बाटली बुडेना! तरंगत, नाचत पुलाखालून निघून गेली. आजोबा म्हणायचे, "देवाने मला दाखवलं, बघ, चालली ती तुझ्या आयुष्यातून." आणि शेवटी न चुकता एक वाक्य, "बरोबर एक पोरगा होता. त्याचं नाव मी सांगणार नाही." मंडळीच्या दर वर्धापनदिनाला हीच साक्ष. बाटली तरंगली की अख्खी मंडळी हालेलूया म्हणायची. मी लहानपणी ओठ हलवत बरोबर म्हणायचो, इतकी पाठ.

संध्याकाळी रामवाडीत पोचलो तर काशीकाकींच्या अंगणात तुळशीचं लग्न. त्यांच्याच घरी मी भाड्याने राहतो. हातावर चुरमुरे-ऊस ठेवत म्हणाल्या, "आज तुलशीचा झाला, आता तुजा. पत्रिका कवा देतंस?"

पत्रिका! तिच्यावर तर मोठा क्रॉस आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज बोलायचंच असं ठरवून गेलो. काट्यावर माझ्याबरोबर हरेश असतो, जोहे गावचा. घरी गणपतीचा कारखाना, पण हा मातीत हात घालायला तयार नाही म्हणून डोलवीला.

मी म्हटलं, "हरेश, मी रविवारी कुठे जातो तुला माहितेय?"

"आयशीकडं."

"आणि?"

"जेवायला."

"आणि तिथून?"

"आयला, पोरगी बघाया जातंस! पेढे कुठं हायत?"

तेवढ्यात ट्रक आला. ट्रक गेल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, "माणसाच्या आत्म्याचं वजन किती असेल रे?" हरेश म्हणाला, "गाडीसकट का गाडी सोडून?"

आज एवढंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तोंड उघडलं. हे आनंदाचं की भीतीचं ते अजून ठरलेलं नाही.

पत्रिका आल्या. सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये हरेशने माझ्या पिशवीतून एक ओढून काढली आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, ह्यावर क्रूस हाय! पोरगी ख्रिश्चन हाय काय रं? लव्ह मॅरेज?" सगळी डोकी माझ्याकडे.

मी म्हटलं, "मी पण आहे."

"तू? कवापासून?"

आता 'जन्मापासून' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण बसमधली सगळी माणसं वाट बघत होती. जोह्याचे, हमरापूरचे, वडखळचे, झोपलेलेसुद्धा जागे झाले. इतक्या माणसांनी माझ्या तोंडाकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. 'जन्मापासून' हे फार फिकं वाटलं. आणि माझ्या तोंडातून आलं, "एक दिवस मी कुंडलिकेच्या पुलावर उभा होतो. हातात भरलेली बाटली..."

देवा रे. पुढचं आपोआप आलं. बाटली फेकली, बाटली तरंगली, बरोबर एक पोरगा होता, त्याचं नाव मी सांगणार नाही. सगळं! आजोबाच अंगात शिरले म्हणा ना. ड्रायव्हरने बस गेटवर थांबवली तरी कुणी उतरेना. हरेशचे डोळे भरले. म्हणाला, "चार वर्सं बाजूला बसतंस, आन कळू दिला नाय."

मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. दारू आणि मी!

पण एक सांगायला हवं. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की पाय जमिनीवर नव्हते. चार वर्षांत पहिल्यांदा मी प्रभूचं नाव कंपनीच्या बसमध्ये मोठ्याने घेतलं. बाकीचं खोटं असेल, पण ते नाव तर खरं होतं ना?

८ नोव्हेंबर, शनिवार

मी प्रसिद्ध झालो! कँटीनमध्ये माणसं येऊन बसतात. एकाने विचारलं, "आमाला धरम बदलाया सांगशील काय?" मी म्हटलं, "नाही हो, मी फक्त माझं सांगतो." तो म्हणाला, "मंग सांग," आणि त्याने वडा माझ्या पुढ्यात सरकवला. एका ट्रकवाल्याने बायकोच्या बाळंतपणासाठी प्रार्थना करायला सांगितलं. मी काट्याच्या केबिनमध्ये उभा राहून डोळे मिटले. त्यानेही मिटले. मागचे चार ट्रक हॉर्न वाजवत होते. एवढी छान प्रार्थना मी हॉलमध्ये कधी केली नाही.

फोनवर सुरभी म्हणाली, "तुझा आवाज बदललाय." मी म्हटलं, "मी बोलायला लागलोय!" तिला इतका आनंद झाला की मला पुढचं सांगवलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली पुकार झाली. माझं नाव, तिचं नाव, एका दमात! 'कोणाची हरकत?' म्हटल्यावर हॉलमध्ये एक पोर शिंकलं, बाकी शांत. सुरभीचे वडील दिनानाथकाका मंडळीचे पंच म्हणून पुढे बसले होते. एकदम शिस्तीचा माणूस, एसटीतून निवृत्त. मंडळीत इतकी वर्षं सगळा हिशेब-व्यवस्था बघतात, पण साक्ष द्यायला कधी उभे राहिले नाहीत. मला वाटतं त्यांचंही माझ्यासारखंच असणार, सांगण्यासारखं काही घडलंच नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

करायला गेलो काय आणि झालं काय.

कामावरून आलो तर काशीकाकी माझ्या दारात चहा घेऊन. काल हरेश मला शोधत आला होता आणि बसून सगळं सांगून गेला. काकी म्हणाल्या, "बाला, तू देवाचं करतंस ते मना ठावं हाय. खोली मी झाडते, उशाखालची पोथी काय दिसत नाय मना? पन पीत व्हतास ते नव्हता ठावं." मग पदराने तोंड पुसलं. "माज्या मानसाला सांग ना काय तरी. तो कोनाचा आयकत नाय. तुजा आयकंल. तू त्यातून गेलंस ना."

जनूकाका म्हणजे काकींचा नवरा. मिठागर बंद पडल्यापासून घरीच. कधी खाडीत पाग टाकायला जातात, पाग म्हणजे फेकायचं जाळं, आणि संध्याकाळी पिऊन अंगणात बसतात. भांडत नाहीत, मारत नाहीत, नुसते बसतात. काकी आत जेवण गरम करत बसतात.

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शप्पथ. पण काकींनी माझा हात धरला होता.

जनूकाकांपुढे जाऊन बसलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "कंची पीत व्हतास?"

"देशी," मी म्हटलं. "म्हणजे, इंग्लिश. दोन्ही. मिसळून."

"मिसलून?"

"हो."

"पान्याबरोबर का सोड्याबरोबर?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "ताकाबरोबर."

जनूकाकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दाढी खाजवली. मग म्हणाले, "बरा. रोज सांजचा येऊन बस माज्याबरोबर. एकटा असला का हात तिकडंच जातो." आणि माझ्या हातात जाळं विणायची सुई दिली.

वाचलो! त्यांना सगळं पटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी पाग विणतोय. काकांच्या हाताला कंप आहे, तरी गाठ बसते. माझे हात स्थिर, पण गाठी सुटतात. काका ओरडतात, "गाठ हाय का चपलेचा बंद?" काकी उगाच दोनदा चहा आणतात आणि काकांच्या तोंडाचा वास घेऊन जातात. आज जाताना काकी दाराआड तोंड दाबून हसत होत्या. का ते कळलं नाही, पण घरात हसू होतं हे बरं.

काका विचारतात, "तुजा देव काय बोलला रं पुलावर?" मी आजोबांचं सांगतो. मग ते विचारतात, "आन घरी बसल्यावर काय बोलतो?" याचं उत्तर आजोबांच्या साक्षीत नाही. मला माझंच सांगावं लागलं. की काही बोलत नाही, पण आईचं गाणं आठवतं आणि खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. काका म्हणाले, "हा. ह्या बरा हाय." त्यांना पुलापेक्षा हे का आवडलं देव जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरी पुकार झाली आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली.

सुरभी भेटली ती पत्रिकांचा गठ्ठा हातात घेऊन. तिच्या लॅबमध्ये काउंटरवर बसणारी नम्रता ही हरेशची बहीण आहे, लग्न होऊन रोह्याला आलेली! मला कसं आठवलं नाही? नम्रताने तिला सगळं सांगितलं, पूल, बाटली, पोरगा, रडून रडून. सुरभी म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझी साक्ष आहे. काय सांगणार आहेस?"

"बघू, अजून..."

"खरी सांग. मला दारूची भीती नाही वाटत, हर्षद. दुसऱ्याच गोष्टीची वाटते." तिने हातातल्या पत्रिकांचा गठ्ठा परत पर्समध्ये घातला. "ह्या मी रविवारनंतर वाटीन. वाटल्या तर."

दारूची भीती नाही तर कसली? मला कळेना. त्यात मी निघताना दिनानाथकाकांनी खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काय रे, बाटली बुडाली की तरंगली?"

म्हणजे त्यांच्याही कानावर गेलं! मी म्हटलं, "तरंगली." ते म्हणाले, "हं," आणि खिडकीतून नदीच्या बाजूला बघत राहिले. सासरेबुवा माझ्यावर कायमचे नाराज झाले हे नक्की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही, भूक नाही. इकडे आड, तिकडे विहीर. बाटली माझीच होती असं म्हटलं तर सुरभीपुढे मी दारुडा. आजोबांची होती असं म्हटलं तर मी खोटारडा, आणि जनूकाका? त्यांनी त्या संध्याकाळपासून थेंब घेतलेला नाही. माझ्या भरवशावर! 'ह्या पोराच्या जिवावर मी सुटंन,' असं ते काल काकींना म्हणताना मी ऐकलं. मी सुटलो नाही हो, मी अडकलोच नव्हतो.

हरेशला खरं सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. "म्हंजे करायला गेलास गनपती आन झाला मारुती." मग एक ट्रक मोजून पुढे सोडला. शेवटी म्हणाला, "पन तू ट्रकवाल्यासाठी डोले मिटलंस, तेवा खरा मागत व्हतास ना?"

"हो."

"त्याला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत." आणि पुढच्या ट्रकला हात केला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाग पूर्ण झाला. काका म्हणाले, चल, खाडीवर टाकून बघू. ऊन उतरायला लागलं होतं. बांधावरून चालताना मी मनात रविवारचं भाषण जुळवत होतो. एक वाक्य धड होत नव्हतं.

काकांनी पाग फेकला, सुंदर गोल पडला. माझ्या गाठींतून दोन मासे पळाले. मग काकांनी पिशवीत हात घालून काहीतरी काढलं आणि लांब पाण्यात फेकलं. डुबुक करून मोठा आवाज झाला.

"बुडला काय बघ."

"बुडलं," मी म्हटलं. "काय होतं?"

"कचरा."

"काका, खाडीत कचरा टाकू नये," मी म्हटलं. मला इतकं टेन्शन असताना हे कचरा कसला टाकतात? काका खदाखदा हसले आणि माझ्या पाठीवर असा रट्टा दिला की मीच पाण्यात जायचा. घरी येईपर्यंत अधूनमधून हसतच होते. मला वाटलं पुन्हा घेतली की काय, वास घेतला. नाही.

घरी आल्यावर काकींनी बॉम्ब टाकला. "रविवारी आमीपन येतो रोह्याला. तुजी ती साक्ष हाय ना. हरेश रिक्षा आनतोय."

झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हसण्यात निम्मं राहून जाईल.

हॉलमध्ये पहिल्याच रांगेत काशीकाकी, नवी हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा. देवाच्या दारी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नारळ आणलेला. तो त्यांनी थेट पाळकसाहेबांच्या हातात दिला. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी घेतला आणि उपदेशाच्या पुलपिटाशेजारी टेबलावर, फुलदाणीला लागून ठेवला. जनूकाका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हरेश त्यांच्या बाजूला. सुरभी आईजवळ, मान खाली. पर्समधून पत्रिकांचं टोक दिसत होतं.

माझं नाव घेतलं. उभा राहिलो. म्हटलं, "मंडळींनो, साक्ष माझ्याकडे नाही. जी मी बाहेर सांगितली ती आमच्या आजोबांची होती. मी कधी प्यायलो नाही. माझं आयुष्यात काही बिघडलंच नाही. आईच्या मांडीवर गाणी ऐकली, तेव्हापासून प्रभू घरातलाच वाटतो. एवढंच. हे सांगायला मला लाज वाटली, कारण हे फार साधं आहे. लोक हसतील वाटलं. म्हणून चार वर्षं गप्प बसलो, आणि बोललो तेव्हा दुसऱ्याचं बोललो. ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून काही सोडलं त्यांची माफी मागतो. जनूकाका, मला माफ करा."

मी सुरभीकडे बघण्याचं धाडस केलं नाही.

जनूकाका उठले. इथे उठायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार? म्हणाले, "माफी कसली रं? ताकाबरोबर दारू पिनारा मानूस मी अजून बघितला नाय. पयल्याच दिवशी वलखला तुला. काशीलापन तवाच सांगितला."

काकी मान डोलावत होत्या! मंडळीत एकदम हशा. मी तसाच उभा.

"मंग मी का बसलो तुज्याबरोबर?" काका म्हणाले. "तू ताकाचा बोललंस, तरी रोज येत व्हतास. कामावरून दमून. गाठ येत नाय तरी बसत व्हतास. माज्याजवल येवडा कोन बसला?" मग ते सगळ्या मंडळीकडे वळले. "पन मना एक सांगा. तुमच्या त्या आजोबांची बाटली भरलेली व्हती ना? मंग तरंगली कशी? भरलेली बुडते. मी परवा खाडीत टाकली, दगडासारखी गेली खाली."

कचरा! मी खाडीत कचरा टाकू नये असं म्हणालो होतो! मला हसू की रडू कळेना, दोन्ही आलं.

पण हॉल वेगळ्याच कारणाने गप्प झाला होता. इतकी वर्षं ज्या बाटलीला हालेलूया म्हटलं, ती तरंगली कशी हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

आणि दिनानाथकाका उभे राहिले. जे कधी उभे राहिले नाहीत ते.

"ती भरलेली नव्हती," ते म्हणाले. "त्यांना भरलेली वाटली. अंधारून आलं होतं, आणि त्यांचा हात रागाने थरथरत होता. निम्मी मी वाटेत पिऊन बूच लावून ठेवली होती. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर होतो, नवीन लागलेलो. तो पोरगा मी."

सुरभीने झटकन मान वर केली.

"त्यांनी बाटली फेकली म्हणून मी त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, त्यांनी जेवायला वाढलं, आणि मी सोडली. त्यांनी माझं नाव मरेपर्यंत सांगितलं नाही. म्हणायचे, ते तुझं आहे, तू सांग. मी सांगितलं नाही. पंच झालो, मग तर सांगणं आणखी अवघड झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या मुलाने दुसऱ्याची साक्ष उसनी घेतली. मी माझीच लपवली. मोठा चोर कोण?"

जनूकाका पहिल्या रांगेतून उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. स्वतः बाजूला बसले. नंतर कळलं, दोघं उपासना संपेपर्यंत हात धरूनच बसले होते.

मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि तिसरी पुकार केली. "या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आता सांगावं."

"माजी हाय!" काशीकाकी उभ्या.

माझं काळीज थांबलं. पाळकसाहेबांचंही थांबलं असावं.

"लगीन झाल्यावर हा खोली सोडून जाईल," काकी म्हणाल्या. "तसा चालायचा नाय. सुनेला घेऊन तितंच यायचा. नायतर माज्या म्हाताऱ्याबरोबर सांजचा कोन बसंल?"

हशाने टेबलावरची फुलदाणी हलायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, "नवरा-नवरीला हरकत मान्य आहे का?"

उत्तर मी दिलं नाही. सुरभी उठली आणि म्हणाली, "मान्य आहे. पण भाडं वाढवायचं नाही, काकी." मग पर्समधून पत्रिका काढली आणि सगळ्यांत पहिली काकींच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला आधीच माहीत होतं ना, की ती आजोबांची गोष्ट होती?"

"मंडळीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहितेय," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, तू कधी सांगतोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी साक्ष अगदी बारकी आहे. पण मला तीच हवी होती."

मला आता काही लिहिता येत नाही. खूप आनंद झालाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झालं लग्न! झालं!! हरेश नाचताना पडला. बाकी उद्या.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारच्या एसटीने रोह्याहून पेणला निघालो, मी, सुरभी, आणि आम्हाला न्यायला आलेले जनूकाका. मांडीवर लग्नाची भेट, तो पाग. माझ्या सगळ्या सुट्या गाठी त्यांनी परत घट्ट केल्यात, एक सोडून. "ती तुजी म्हनून ठेवली," म्हणाले.

नागोठण्याला एक माणूस चढला आणि काकांशेजारी बसला. डोळे लाल, तोंडाला वास. काका जरा सरकले, त्याला नीट बसू दिलं. मग म्हणाले, "मीपन घेत व्हतो. रोज. एक दिवस खाडीच्या बांधावर उभा राहिलो, पिशवीत भरलेली बाटली..."

सुरभीने माझा हात दाबला. काकांनी सगळं सांगितलं, हळूहळू, काही न वाढवता. बाटली बुडाली तेही सांगितलं. पुढच्या सीटवरची माणसं वळून ऐकायला लागली.

"बरोबर एक पोरगा व्हता," काका शेवटी म्हणाले. "त्याचा नाव मी सांगनार नाय."

"मंग तो काय बोलला?" त्या माणसाने विचारलं.

"तो बोलला, खाडीत कचरा टाकू नये."

सगळी बस हसली. सर्वांत मोठ्याने सुरभी.